ओठ न लावता

४ नोव्हेंबर
माय आली. भाऊ सकाळच्या गाडीने सोडून गेला, चहासुद्धा पुरता प्यायला नाही. "गावात कापसाची धूळ हाय नंदे, इथं दवाखाना जवळ. थंडीभर ऱ्हाऊ दे." एवढं बोलून चपला शोधायला लागला. कापूस फुटलाय, त्याचंही खरं आहे. थंडीभर म्हणजे कुठवर, ते मी विचारलं नाही.

मायेची पिशवी: दोन लुगडी, शाल, गोळ्यांची पुडी, दोन पंप. निळा धाप लागली की मारायचा, तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ. फाटकापासून घरात येईतो दोनदा भिंतीला टेकली. दिवाळीत बरी होती. निदान मला तरी वाटली होती.

७ नोव्हें.
शाळेतून अर्धी रजा. छातीची ओपीडी. रांग दारापर्यंत. डॉक्टरीण तरुण आहे, मवाळ बोलते.
"आजी, पंप घेता का?"
"घेते."
"रोज?"
"रोज. बराबर घेते."
"मग दम कमी का होत नाही?"
डोस वाढवला. वरून स्टेरॉइडच्या गोळ्या. साखर वाढेल, लक्ष ठेवा म्हणाली. पुढचा पेशंट आत आलाच होता.

बाहेर बाकावर वडीगोद्रीकडची एक म्हातारी होती. ठसठशीत काठाचं लुगडं, हातात पाटल्या, सोबत सून. तिलाही दमच. आधी गाव विचारलं. मायेनं सांगितलं, टेंभुर्णीच्या अलीकडचं. मग ठरलेला दुसरा प्रश्न, "आडनाव काय म्हन्ले?" माय म्हणाली, "साळवे." म्हातारी "बरं बरं" म्हणाली आणि मधली पिशवी उचलून पलीकडे ठेवली. पिशवीतलं काही काढायचं असेल. माझा स्वभावच वाईट, असलं बरोबर दिसतं मला.

११ नोव्हें.
पाण्यावरून भांडण. माय ग्लासाला ओठ लावत नाही. मान मागे, तोंड उघडं, वरून धार. आयुष्यभर अशीच पीत आलीय. पण आता धाप लागलेली असताना वरून पाणी म्हणजे ठसका ठरलेला. आज डोळे पांढरे झाले. पाठीवर चोळत मी ओरडले, "ओठ लाव की ग्लासाला. कोणाचं घर आहे हे?"
"सवय हाय."
रवी म्हणाला, पिऊ दे ना तिला तिच्या पद्धतीनं. नवऱ्याला सासूचा पुळका आणि मी वैरीण. चांगलं आहे.
तिनं स्वतःचा कप-ग्लासही वेगळा काढून ठेवलाय, मोरीजवळ. मी रोज रॅकवर ठेवते, ती रोज परत मोरीजवळ नेते.

१६ नोव्हें.
"जीभ कडू झाली." जेवण जात नाही. जीभ बाहेर काढायला लावली तर पांढरे चट्टे, टाळूपर्यंत. मेडिकलवाला म्हणाला, तपकिरी पंपानं होतं असं, मारल्यावर चूळ भरायला सांगा. सांगितलं. माय म्हणे, "चूळ भरली तर औषीद जाईन की सारं." मी जास्त ताणलं नाही.

२० नोव्हें.
साखर वाढली. दम तसाच. आता आंघोळीला बसली की मधेच थांबावं लागतं, मी पाठ धुते. बरगड्या मोजता येतात. रात्री उशांचा ढीग करून बसूनच झोपते. भावाला फोन केला. "हं, हं, बघू" म्हणाला. मागून वेचणीवाल्या बायांचा आवाज येत होता.

कोणी म्हणतं पंपाची सवय लागते, बंद करा. कोणी म्हणतं अमुक गावी माशातून औषध देतात. सल्ला द्यायला काय लागतं.

२३ नोव्हें.
आज पाहिलं.

सकाळी दूध घेऊन मागच्या दाराने आले. माय ओट्यावर उन्हाला बसलेली, पाठ माझ्याकडे. पंप हलवला. मान मागे टाकली. तोंड उघडलं. पंप तोंडाच्या वर वीतभर उंच धरला, तांब्या धरावा तसा, आणि दाबला. फवारा उन्हात दिसला. थोडा नाकावर, थोडा जिभेवर, बाकीचा हवेत. मग तिनं तोंड मिटलं आणि गिळला. घोट गिळावा तसा गिळला.

मी दुधाची पिशवी हातात धरून तशीच उभी. दोन वर्षं. दोन वर्षं ही बाई फुप्फुसाचं औषध पोटात घालते आहे. "बराबर घेते" म्हणते ते खोटं नाही. एकदाही चुकवलं नाही तिनं. आणि चूळ का भरत नव्हती तेही आता कळलं.

रागावायचं नाही असं ठरवून जवळ गेले आणि रागावलेच. "असा घेतात का? तोंडात धरायचा, ओठ आवळायचे, आत ओढायचा!"
ती पंपाकडे बघत म्हणाली, "तोंड कसं लावाव? दवाखान्याचा हाय."
"तुलाच दिलाय तो. तुझाच आहे."
"दिला तरी. दुसऱ्याच्या वस्तूला तोंड लावू न्हाई."

२४ नोव्हें.
शाळेत लक्ष नाही. नववीच्या फळ्यावर समीकरण अर्धं सोडून वर्गाबाहेर आले, मुलं बघत राहिली.

संध्याकाळी विचारलं, दवाखान्यात शिकवलं नव्हतं का कोणी? म्हणे, शिकवलं होतं. एका पोरीनं स्वतःच्या तोंडापुढं धरून दाखवलं होतं. "तिनं बी कुठं लावलं व्हतं तोंड? लांबूनच दाखवलं." बरोबर आहे. दुसऱ्याचा पंप ती पोरगी तोंडात कसा घालेल. मायेनं जे पाहिलं ते जसंच्या तसं उचललं. आणि वरून घेणं तर तिला शिकवायची गरजच नव्हती.

२६ नोव्हें.
भाकरी करताना माय आपणहून बोलली. मी काही विचारलं नव्हतं.

"तुझ्यापेक्षा ल्हान व्हते. निंदायला गेल्ते मायसंगं. ऊन लई. मालकीन घरात गेल्ती आन् तांब्या व्हता बांधावर. वाढायला कोनी न्हाई. मी उचलला आन् तोंड लावलं. पेले ढसाढसा."
"मग?"
"मंग काय. तिनं पाह्यलं. काही बोलली न्हाई बाई, वाईट न्हवती ती. तांब्या चुलीच्या आरात टाकला, लाल होईस्तोर. माझ्या मायनं मारलं मला, त्याच बांधावर, समद्यांसमोर. ओठ फुटला इथं."
ओठावरची बारीक रेघ दाखवली. मी ती रेघ लहानपणापासून पाहते आहे. पडली असेल असं समजत होते.

मला आजीचा राग आला. मग त्या बाईचा. मग पुन्हा आजीचा, कारण ती हाताला लागण्यासारखी आहे, आपल्यातली आहे. माय भाकरी थापत होती. तिचा राग कुठे गेलाय कोण जाणे. भाकरी फुगली, तिनं ताटात टाकली, म्हणाली गरम आहे तोवर खा.

२९ नोव्हें.
शिकवणी सुरू. पस्तीस पोरांना बीजगणित शिकवते, एका म्हातारीला श्वास घ्यायला शिकवता येत नाही.

ओठ लावते आता, माझ्यासमोर तरी. पण ओठ आवळले की आत ओढायचं सोडून फुंकते. पंप दाबला की औषध नाकातोंडातून पांढरं होऊन बाहेर. आधी कळेना असं का. मग लक्षात आलं. ओठ आवळून धरायची एकच वस्तू तिला ठाऊक आहे, चुलीची फुंकणी. ती तिची स्वतःची. तिला तोंड लावायला कोणाची मनाई नव्हती. त्या फुंकणीनं आणि जिनिंगमध्ये कामाला असताना खाल्लेल्या कापसाच्या धुळीनं तर छाती गेली.

"आत, माय. आत ओढ. फुलाचा वास घेतात तसं."
"घेते की."
फूऽऽ.
मी पंप आपटला. फुटला नाही. माय खाली वाकून उचलायला गेली आणि वाकल्यानं धाप लागली. त्यानंतर मी बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून बसले. रडण्याला निमित्त हवं असतं, ते मिळालं.

३० नोव्हें.
"मला न्हाई जमत, नंदे. जाऊ दे. झालं वय."
म्हटलं, जाऊ देणार नाही.

४ डिसेंबर
पुन्हा ओपीडी. आज डॉक्टरीणबाईला सरळ सांगितलं, आजीला घ्यायला लावा तुमच्यासमोर. मायेनं लाजत घेतला, अर्धा फुंकला. डॉक्टरीण पेन खाली ठेवून बघत राहिली. "किती दिवस असं?" म्हटलं, पहिल्यापासून. तिनं कपाटातून एक प्लास्टिकचं नळकांडं काढलं. एका तोंडाला पंप लावायचा, दुसऱ्या तोंडाला आपण. औषध नळकांड्यात थांबतं, हळूहळू ओढायचं, फुंकलं तरी उलटं जात नाही. आत ओढलं की नळकांड्यातला पडदा टक् वाजतो.

मला बाजूला घेऊन म्हणाली, "गेलंय ते परत येणार नाही. उरलंय ते टिकवू. पण यांना श्वास आत घेता यायला हवा, नाहीतर पुढचा अटॅक..." वाक्य पुरं केलं नाही. बरं केलं.

वडीगोद्रीच्या म्हातारीची सून दिसली. "आत्याबाईंचं लई वाढलं वो, भरती केलंय," म्हणाली.

९ डिसें.
टक्.
माय हसली. "वाजलं." परत, टक्. संध्याकाळी रवी आला तर त्यालाही वाजवून दाखवलं. लहान मुलाच्या हाती खुळखुळा द्यावा तसं झालंय. आज जिभेचे चट्टे थोडे कमी. आज न टेकता मोरीपर्यंत गेली. दृष्ट लागेल म्हणून फार लिहीत नाही.

नळकांड्याला ओठ लावण्याआधी दर वेळी पदरानं पुसते. नंतरही पुसते. विचारलं, आता कोणासाठी पुसतेस? म्हणे, असू दे.

१६ डिसें.
थंडी एकदम वाढली. सकाळी गल्लीत कचरा, टायर, काय सापडेल ते पेटवून शेकत बसतात. मी खिडक्यांच्या फटींत फडकी कोंबली. माय दिवसभर खोकली.

१८ डिसें.
पहाटे ओठ निळे. नळकांडं लावलं, पडदा वाजेना. आत ओढायला जोरच नाही. रिक्षा. भरती. आता ऑक्सिजनची नळी नाकात, वाफ चालू. वाफेचा मास्क तोंडावर आणला तर माय मान वळवते. "कोनाकोनाच्या तोंडाला लागला असंन." सिस्टर वैतागली, "आजी, धुतलेला आहे." मी मास्क दाबून धरला. माझे हात, तिचं तोंड. डोळे माझ्यावर.

२१ डिसें.
थोडी सावरली. भाऊ येऊन गेला, मोसंब्या ठेवून गेला. जाताना मला म्हणाला, "तू हायेस म्हनून." मग दारात डोळे पुसले. त्याच्यावर धरलेला राग मी आज अर्धा सोडला.

शेजारच्या खाटेवर कोण? वडीगोद्रीची म्हातारी. योग असतात एकेक. तीही ऑक्सिजनवर. माझ्याशी बोलते, मायेशी हातानं खुणा करते.

२३ डिसें.
मायेनं कोपरानं ढोसलं. "पाह्य. ती बी माझ्यावानीच."
खरंच. सून पंप धरते, म्हातारी मान मागे टाकते, वरून फवारा, आणि गिळते. सुनेला विचारलं, ओठ का नाही लावत? म्हणे, "आत्याबाईंचं सोवळं लई. कोनी कोनी हात लावलेला आसतो म्हन्तात."

घ्या. एकीला तोंड लावू दिलं नाही म्हणून, आणि एक स्वतः लावत नाही म्हणून. फुप्फुसात दोघींच्याही काही जात नाही.

माय म्हणाली, "सांग तिला."
"मी नाही सांगणार. मरू दे."
माय माझ्याकडे बघत राहिली. मी मोसंबी सोलत बसले. मरू दे म्हणाले मी, आणि त्या क्षणी मला तसंच वाटत होतं. तांब्या लाल होईस्तोवर आरात. ओठावरची रेघ. मला ते विसरायचं नाही, आणि माय ते विसरल्यासारखी वागते याचाही राग येतो.

"शिकलेली हायेस तू," एवढंच म्हणाली आणि डोळे मिटले.

२४ डिसें.
मायेचा ऑक्सिजन कमी करून पाहिला, लगेच घसरला. परत वाढवला. डॉक्टरीण म्हणाली, घरी न्यायचं झालं तर मशीन लागेल, आणि पंप मात्र नीट गेलाच पाहिजे. "ओढता येतंय का आता?" मी हो म्हणाले. कधी वाजतं, कधी नाही.

२६ डिसें.
दुपारी. सून डबा आणायला खाली गेलेली. सिस्टर वॉर्डाच्या त्या टोकाला सलाईन लावत होती. वडीगोद्रीच्या म्हातारीला उबळ आली. खोकला नाही, नुसती तोंडाची उघडझाप. उशीखालून निळा पंप काढला, वर धरला, दाबला. नुसती हवा. संपलेला. परत दाबला. मी सिस्टरला हाक मारत धावले.

वळून बघते तर माय खाटेवरून उतरलेली. नाकातली नळी ताणलेली. हातात आपला निळा पंप, नळकांडं लावलेला. नळकांड्याचं तोंड पदरानं पुसलं, दोनदा पुसलं, आणि तिच्यापुढे धरलं.
"घ्या बाई. ओठ लावा."
म्हातारीनं नळकांड्याकडे पाहिलं. मायेकडे पाहिलं. जीव चाललाय आणि तरी पाहिलं. मग घेतलं, आणि मान मागे टाकून वर उचललं.
मायेनं तिचं मनगट धरलं, खाली आणलं. "वरून न्हाई. वरून मी बी लई घेतलं. आतमधी जात न्हाई त्ये. ओठ लावा, मी दाबते."

तेवढ्यात सिस्टर आली, वॉर्डबॉय आला, खाटेभोवतीचा पडदा ओढला. मला मायेला धरून खाटेवर आणावं लागलं, तीच पडायला आली होती. पडद्याआड काय झालं ते मी पाहिलं नाही. टक् वाजलं की नाही, त्या गोंगाटात कळलं नाही.

मायेला विचारलं, लावला का तिनं ओठ? तिला बोलायला श्वास नव्हता.

२७ डिसें.
म्हातारी आहे. आयसीयूत हलवली. सून सकाळी आली, हातात मेडिकलची पिशवी. नवा पंप, नवं नळकांडं, खोक्यासकट. "मावशी, तुमचं आमच्याकडंच ऱ्हायलं. हे घ्या." जुन्याचं काय केलं विचारलं तर म्हणाली, "टाकून दिलं वो." आणि घाईनं गेली.

टाकून दिलं. माझ्या डोक्यात सणक गेली. परत तेच. तांब्या परत आरात. मी खोकं तिच्या मागे फेकायला निघाले होते. मायेनं माझा हात धरला. एवढ्याशा धापेतही चेहरा उजळलेला. "अगं, तिचं तोंड लागलं असंन त्याला. उष्टं कसं देतील मंग मला? म्हनून नवं दिलं."
"तुला कसं माहीत?"
"लावलंच असंन तिनं. त्याबिगर का वाचली?"
सलाईन, इंजेक्शन, मोठं मशीन, कशानंही वाचली असेल. हे मी बोलले नाही.

संध्याकाळी नव्या नळकांड्याचा प्लास्टिक कागद मायेनं स्वतः फाडला. आज पुसलं नाही. ओठ लावले, आवळले, माझ्याकडे पाहिलं. मी पंप दाबला.
"आत, माय."
छाती वर आली, हाडं वर आली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. पडदा हलला. पुरता उघडला नाही, वाजला नाही. तिनं ओठ सोडले नाहीत. मी थांबले आहे, ती परत ओढते आहे.